देखाव्याचा मालक

डोंगरदऱ्यांच्या सान्निध्यांत चार दिवस विश्रांतीसाठीं जाणें ही गोष्ट इतकी निर्दोष मानली जाते कीं, तिच्याविषयीं कोणी नीतीचा प्रश्न काढल्यास त्याचीच गणना अरसिकांत व्हावी. द्यूत, मद्यपान, ऋण काढून साजरे केलेले सण यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ उपदेश झालेला आहे. पण हवा पालटण्यास निघालेल्या गृहस्थाला कोणीं उपदेश केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. हवा चोरतां येत नाहीं आणि पाहिल्यानें डोंगर झिजत नाहीं, मग त्यांत दोष तो कोणता? गेल्या वर्षापर्यंत माझेंही मत हेंच होतें. त्या मताला तडा कसा गेला, आणि तडा गेल्यावर त्यांतलें काय शिल्लक राहिलें, तें वाचकांपुढें ठेवावें असा विचार आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां मुलीकडे एडिंबरो येथें गेलों होतों. जांवई गॉल्फचे शोकी. तेव्हां सुटीचे चार दिवस स्कॉटलंडच्या अगदीं उत्तरेस सदरलंड परगण्यांत एका लॉजमध्यें काढावे आणि परततांना सेंट अँड्रूज पाहावें असा बेत त्यांनीं ठरविला. लॉज म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एस. टी. स्थानकासमोरची पाटी, जिन्यांतला मिणमिणता दिवा आणि चोवीस तास गरम पाण्याचें आश्वासन येतें. तेथील लॉज म्हणजे श्रीमंतांच्या शिकारीसाठीं रानांत बांधलेला दगडी बंगला. भिंतींवर हरणांचीं शिंगें, दिवाणखान्यांत लांकडांची शेकोटी, आणि जिकडे सर्वांत सुंदर देखावा दिसेल तिकडे तोंड करून बसविलेल्या मोठमोठ्या खिडक्या. पूर्वी येथें जमीनदारांचे पाहुणे उतरत. आतां पैसे मोजणारा कोणीही उतरूं शकतो.

पहिल्या सायंकाळीं त्या खिडकीशीं बसून मीं जें सुख अनुभवलें तें खोटें होतें असें आजही म्हणवत नाहीं. जुलै महिना सरत आला होता. समोर मैलच्या मैल पसरलेली दरी, तिच्या उतारांवर हेदरच्या झुडपांवर नुकतीच येऊं लागलेली जांभळी छटा, पीटच्या मातीनें चहासारखें तांबूस झालेलें ओढ्याचें पाणी, आणि रात्रीचे दहा वाजत आले तरी न मावळणारा तो उत्तरेकडचा उजेड. एक घर नाहीं, एक माणूस नाहीं. ‘हीच खरी शांतता!’ असें मीं म्हणालों. आमच्या सौभाग्यवतींनीं बराच वेळ बाहेर पाहिलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, ‘एवढें पाणी, एवढें गवत, आणि चुलीचा धूर कुठेंच कसा नाहीं हो?’ मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. शहरांत जन्म काढलेल्या माणसाला ओसाडपणा आणि शांतता यांतला भेद चटकन् कळत नाहीं. शेतकऱ्याच्या घरांत वाढलेल्या बाईला तो कळतो.

तिसऱ्या दिवशीं जांवई डॉर्नॉकच्या नामांकित मैदानावर खेळावयास गेले, आणि आम्ही दोघें मुलीबरोबर स्ट्रॅथनेव्हरच्या दरींतील रोझल या ठिकाणीं गेलों. तेथें प्रथमदर्शनीं पाहण्यासारखें कांहींच नाहीं. गवतांतून गुडघाभर उंचीच्या दगडी रांगा वर आलेल्या दिसतात. थोडें निरखून पाहिलें म्हणजे त्या घरांच्या भिंती आहेत हें लक्षांत येतें; आणि जेथें भिंती आहेत तेथें गवत भोंवतालच्या माळाहून अधिक हिरवें आहे, कारण त्या जमिनीला पिढ्यान् पिढ्या खत मिळालेलें होतें. आपल्या जुन्या महसुली दप्तरांत निर्मनुष्य गांवाला ‘बेचिराख’ म्हणत. मूळ शब्द बेचिराग, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें गांव. रोझल हें असें बेचिराग गांव आहे.

त्याचा दिवा कसा विझला हें सर्वांस ठाऊक असलेल्या इतिहासांत नमूद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सदरलंडच्या सरदार घराण्याच्या लक्षांत आलें कीं, दऱ्यांतून राहणाऱ्या गरीब कुळांपासून मिळणाऱ्या खंडापेक्षां दक्षिणेकडच्या शेव्हिअट जातीच्या मेंढ्यांपासून मिळणारें उत्पन्न पुष्कळच जास्त आहे. मग कुळांना नोटिसा गेल्या. स्ट्रॅथनेव्हर दरींत १८१४ व १८१९ या दोन सालीं हद्दपारीची मोठी धामधूम झाली. माणसें पुन्हा परत येऊं नयेत म्हणून छपरांचीं लांकडें जाळण्यांत आलीं. जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ सालीं इन्व्हर्नेस येथें खटला चालला व तो निर्दोष सुटला. माणसें समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर गेलीं. शेतकऱ्यांना मासेमारी शिकावी लागली. पुष्कळांनीं समुद्र ओलांडला. पुढें लोंकरीचा भाव उतरला तेव्हां मेंढ्याही गेल्या, आणि हरणें आलीं. १८५१ मध्यें लँडसीअरनें डोंगरांतल्या राजबिंड्या हरणाचें आपलें प्रसिद्ध चित्र रंगविलें, १८५२ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या पतीनें बालमोरलची मालमत्ता विकत घेतली, आणि उत्तरेकडचे डोंगर ही सबंध ब्रिटनची विश्रांतीची जागा होऊन बसली. शिकारीच्या या प्रदेशाला तेथें ‘हरणांचें अरण्य’ म्हणतात. मौज अशी कीं, त्यांत झाडें जवळजवळ नसतात. उगवलेलें रोप हरणें वाढूंच देत नाहींत.

म्हणजे ज्याला मीं निसर्गाची अस्पर्श शोभा समजत होतों ती माणसानें केलेली वस्तु होती. झाडें नाहींत, कारण हरणें आहेत. हरणें आहेत, कारण मेंढ्या गेल्या. मेंढ्या आल्या होत्या, कारण माणसें घालविलीं. मीं जी शांतता दर रात्रीच्या भाड्यानें विकत घेतली होती ती दोनशें वर्षांपूर्वीं कोणीतरी हुकूम काढून तयार केली होती.

त्या रात्रीं जेवण मला गोड लागलें नाहीं. पण मन विषण्ण झालें एवढ्यानें विचार पुरा होत नाहीं. उलट विषण्णता ही पुष्कळदां विचार टाळण्याची सोय असते. म्हणून मीं स्वतःलाच प्रश्न घातला: मीं येथें येण्यांत पाप केलें काय? आणि उत्तर द्यावें लागलें कीं, नाहीं. मृतांचा शोक माझ्या डोळे मिटण्यानें हलका होत नाहीं. ज्या भूमीवर कोणाचे तरी अश्रु पडलेले नाहींत अशीच भूमि पाहावयाची असें व्रत घेतलें तर माणसाला आपलें अंगणही ओलांडतां येणार नाहीं. आपण गडकोट पाहावयास जातों. ते कोणाच्या वेठीवर बांधले गेले याची चौकशी करून मग पायऱ्या चढत नाहीं. शिवाय जिवंतांचाही हिशेब आहे. लॉजवर जेवण वाढणाऱ्या प्रौढ बाईला मुलीनें संकोचत संकोचत या इतिहासाविषयीं विचारलें. तिचे पूर्वज याच दऱ्यांतून किनाऱ्याला गेलेले. ती शांतपणें म्हणाली, ‘तुम्ही येतां म्हणून माझा मुलगा गांवांत राहिला आहे. तुम्ही येणें बंद केलेंत तर दरी दुसऱ्यांदां रिकामी होईल.’ या उत्तरापुढें माझी हळवी नीति लटकी पडली.

तर मग पाप नाहीं. पण कांहींच नाहीं असेंही नाहीं. आपल्या परंपरेंत पाप आणि ऋण या दोन कल्पना वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवण्यांत मोठें शहाणपण आहे. पाप कृतीनें लागतें. ऋण जन्मानेंच लागतें. देवांचें, ऋषींचें, पितरांचें ऋण माणसानें कांहीं गैर केलें म्हणून त्याच्यावर नसतें, तर त्यानें कांहीं घेतलें म्हणून असतें. सकाळीं उठून जमिनीला पाय लावण्यापूर्वीं तिची क्षमा मागण्याची आपली जुनी रीत याच जातीची आहे. ती म्हणणारा मनुष्य चालणें सोडून देत नाहीं. आपण कशावर तरी पाय देत आहों एवढें तो जाणतो. सुंदर देखावा पाहणाऱ्यावर असेंच एक ऋण असतें. प्रश्न एवढाच उरतो कीं, तें फेडावयाचें कसें.

येथें मला एक भेद करणें अवश्य वाटतें. रम्य प्रदेशांत आपण जें विकत घेतों त्यांत दोन वस्तु मिसळलेल्या असतात: एक देखावा आणि दुसरा एकांत. देखाव्याचें चांदण्यासारखें आहे. तें शेजाऱ्याच्या अंगणांत पडलें म्हणून माझ्या अंगणांत कमी पडत नाहीं. एकांताचा प्रकार निराळा आहे. माझा एकांत म्हणजे दुसऱ्याची गैरहजेरी. तो मिळवावयाचा तर कोणाला तरी दूर ठेवावें लागतें; आणि धनिक मनुष्य जेव्हां ‘देखाव्याचे’ पैसे देतो तेव्हां बहुधा तो या दूर ठेवण्याचेच पैसे देत असतो. देखाव्याला मालक नसतो. कुंपणाला मात्र असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कुंपणें काढलीं तर गर्दी होईल, आणि गर्दी देखाव्याला खाऊन टाकील. मे महिन्यांत महाबळेश्वरच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगेंत ज्यानें दोन तास काढले आहेत त्याला हें समजावून सांगावयास नको. परंतु मालकी असली म्हणजे जमीन राखली जाते हेंही तितकेंच खोटें आहे. ॲबर्डीनच्या उत्तरेस फोव्हरन येथें समुद्रकांठीं वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचा एक दुर्मिळ पट्टा होता व त्याला शास्त्रीय महत्त्वाचें स्थळ म्हणून संरक्षण होतें. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प यांना तेथें गॉल्फचें मैदान करण्याची परवानगी २००८ सालीं मिळाली, २०१२ मध्यें मैदान खुलें झालें, आणि २०२० मध्यें सरकारी निसर्गसंस्थेनें त्या जागेचें संरक्षण काढून घेतलें. कारण ज्या गुणासाठीं तें दिलें होतें तो गुणच तेथें उरला नव्हता. सरकणारी वाळू गवत लावून स्थिर केली कीं ती सरकणारी वाळू राहत नाहीं. तेव्हां मर्यादा हवीच. वाद आहे तो मर्यादा कशावर घालावी याविषयीं. माणसांच्या येण्यावर, कीं त्यांच्या वापरावर?

याचें उत्तर मला ग्रंथांत सांपडलें नाहीं. तें सेंट अँड्रूजला, आणि तेंही गॉल्फच्याच मैदानावर, सांपडलें. गॉल्फ हा श्रीमंतांचा व म्हणून कुंपणाचा खेळ अशी माझी समजूत होती, व आपल्या शहरांतील मैदानें पाहून ती होणें साहजिकच होतें. जुन्या मैदानावर खेळावयास मिळावें म्हणून परस्थ खेळाडूंच्या नांवांची सोडत काढतात. जांवयांचें नांव शनिवारच्या सोडतींत निघालें नव्हतें. म्हणून रविवारीं निदान त्या भूमीवर चालून तरी यावें असें ते म्हणाले. मला वाटलें, खेळ पाहावयास मिळेल. पाहतों तों मैदानावर एकही खेळाडू नाहीं! मुलें वाळूच्या खळग्यांत किल्ले करीत आहेत, म्हातारीं माणसें कुत्र्यांना घेऊन फिरत आहेत, स्विल्कन ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावर एक नवविवाहित जोडपें छायाचित्र काढून घेत आहे. जगांतल्या या सर्वांत प्रख्यात मैदानावर मोठ्या सामन्यांचे मोजके अपवाद सोडून रविवारीं खेळ बंद असतो. त्या दिवशीं तें गांवाचें उद्यान असतें.

याचें मूळ जुनें आहे. समुद्र आणि शेती यांच्यामधली ही रेताड पट्टी नांगराला निरुपयोगी, म्हणून सर्वांची. तिच्यावर मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालीत, आणि लोक चेंडू खेळत. १४५७ सालीं स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटानें गॉल्फवर बंदी घातली होती, कारण त्यापायीं लोक तिरंदाजीचा सराव सोडूं लागले होते. यावरून हा खेळ तेव्हां केवळ सरदारांचा नव्हता हें उघड आहे. १५५२ च्या एका सनदेंत आर्चबिशप हॅमिल्टन यांना या पट्टीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली, पण गांवकऱ्यांचे तेथें गॉल्फ व इतर खेळ खेळण्याचे हक्क त्याच लेखांत राखून ठेवलेले आहेत. पुढें नगराचें दिवाळें वाजलें आणि १७९७ मध्यें ही जमीन विकली गेली. नवे मालक सशांचे व्यापारी. सशांनीं बिळें करून मैदान पोखरलें, गांवकऱ्यांनीं सशांवर हत्यार उचललें, प्रकरण न्यायालयांत गेलें. शेवटीं १८२१ मध्यें जेम्स चीप नांवाच्या खेळप्रेमी जमीनदारानें जमीन घेऊन खेळ वांचविला, १८९४ च्या कायद्यानें ती नगराकडे परत आली, आणि १९७४ पासून कायद्यानेंच स्थापिलेला एक विश्वस्त निधि तिचा कारभार पाहतो. जवळच ज्या क्लबची दिमाखदार इमारत उभी आहे त्याच्या मालकीचें हें मैदान नाहीं. पहिल्या आणि अठराव्या खेळपट्टीला छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, व जगज्जेत्या खेळाडूलाही कोणी म्हातारी रस्ता ओलांडीत असली तर चेंडू मारण्यापूर्वीं थांबावें लागतें.

हें सर्व पाहून माझ्या मनांतला गुंता बराचसा सुटला. या मैदानाला मर्यादा आहेत, आणि त्या कडकही आहेत. पण त्या माणसाची ऐपत विचारीत नाहींत. सोडत आहे, ती दैवाची मर्यादा. रविवार आहे, ती काळाची मर्यादा, आणि त्या दिवशीं जमीनही विसांवा घेते. वाट आहे, ती खेळणाऱ्यावर चालणाऱ्याची मर्यादा. हिरवळीची निगा प्राणापलीकडे राखतात, पण ज्याच्या हातीं खेळाची काठी नाहीं त्याला परका समजत नाहींत. हा कोणा संताचा उपदेश नाहीं. साडेचारशें वर्षांच्या भांडणांतून, दिवाळ्यांतून आणि सशांतून निष्पन्न झालेली ही एक व्यवहार्य रीत आहे.

हीच रीत आतां सबंध स्कॉटलंडचा कायदा झाली आहे. डोंगरांवर जाण्याचा हक्क सर्वांना असावा असें विधेयक जेम्स ब्राइस यांनीं १८८४ मध्यें पार्लमेंटांत मांडलें होतें. तें मंजूर झालें नाहीं. एडिंबरोच्या पार्लमेंटानें २००३ मध्यें जमीनसुधारणेचा कायदा केला आणि २००५ पासून तेथें जमीन कोणाचीही असो, तिच्यावरून जबाबदारीनें चालण्याचा हक्क प्रत्येकास मिळाला. घराभोंवतालची बाग वगळली आहे, उभें पीक वगळलें आहे. गॉल्फचें मैदानही ओलांडतां येतें. फक्त ग्रीनवर पाय द्यावयाचा नाहीं आणि खेळांत व्यत्यय आणावयाचा नाहीं. मालकाची मालकी गेली नाहीं. तिच्यांतला दुसऱ्याला हांकलण्याचा भाग तेवढा गेला. रोझलच्या भिंती त्या कायद्यानें पुन्हा उभ्या राहिल्या नाहींत, हें खरें. पण ज्यांचे पणजोबा तेथून घालविले गेले त्यांना तेथें जावयास आतां कोणाची परवानगी लागत नाहीं.

हा सर्व परदेशाचा विषय, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध अगदीं निकटचा आहे. डोंगरावर हवा खावयास जाण्याची रीत आपण ज्यांच्याकडून घेतली त्यांपैकीं सर जॉन माल्कम हे स्कॉटलंडचेच. मुंबईचे गव्हर्नर असतांना १८२९ मध्यें त्यांनीं साताऱ्याच्या महाराजांना वाई तालुक्यांतलें खंडाळा गांव देऊन महाबळेश्वरचें पठार घेतलें. त्यापूर्वीं महाबळेश्वर हें कृष्णेच्या उगमाचें क्षेत्र होतें. यात्रेकरू तेथें पाण्यासाठीं जात, देखाव्यासाठीं नव्हे. नंतर तेथें ‘पॉइंट’ आले: एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, विल्सन पॉइंट. पॉइंट म्हणजे अशी जागा कीं जेथें उभें राहिलें असतां कोणाचें रान, कोणाचें कुरण, कोणाची देवराई यांचा एक देखावा होतो आणि पाहणारा त्याचा क्षणभर धनी होतो. ते साहेब गेले. पॉइंट आपण ठेवले, आणि आतां त्यांच्या अवतीभोंवतीं प्लॉट पाडीत आहों.

त्यांतला एक माझा आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीं आहे. मावळांत एका टेकडीच्या उतारावर निवृत्तीनंतर मीं अकरा गुंठे जमीन घेतली. सातबारा माझ्या नांवाचा, किंमत रोख दिलेली, व्यवहारांत कोणतेंही वैगुण्य नाहीं. जागेच्या मधून एक पायवाट वाघजाईच्या देवळाकडे जात होती. मीं काटेरी तारेचें कुंपण घातलें त्या दिवशीं डोक्यावर सरपणाचा भारा असलेली एक बाई थांबली आणि म्हणाली, ‘काका, वाट तेवढी ठेवा.’ मीं तिला नम्रपणें समजावून सांगितलें कीं वळसा पाव तासाचाच आहे. पाव तास! माझ्या डोक्यावर भारा नव्हता. ती कांहीं बोलली नाहीं. मग पुष्कळ दिवस मीं व्हरांड्यांत बसून समोरच्या निर्मनुष्य उताराकडे पाहत शांततेचें सुख घेत होतों.

सेंट अँड्रूजहून परततांना गाडींत सौभाग्यवतींनीं सहज विचारावें तसें विचारलें, ‘आपल्या मावळच्या जागेला रविवार कोणता?’ मला उत्तर सुचलें नाहीं. पण परत आल्यावर कुंपणांत दोन ठिकाणीं अडीच अडीच हातांची मोकळीक केली आणि जुनी वाट दगड लावून नीट करविली. यांत मोठें पुण्य घडलें असा माझा दावा नाहीं. पहिल्याच आठवड्यांत एक शेळी आंत शिरून माझें हापूसचें कलम खाऊन गेली; देवळाच्या जत्रेनंतर प्लास्टिकच्या बाटल्या मला वेंचाव्या लागल्या; आणि माझा एकांत पूर्वीसारखा राहिला नाहीं, ही हानि मला रोज जाणवते. कलमाला आतां वेगळें लहानसें कुंपण केलें आहे.

ती बाई मात्र अजून वळशानेंच जाते. एकदां नको म्हटलेल्या वाटेवर पाऊल टाकावयास माणसाला वेळ लागतो. तिचीं मुलें मधूनच धांवत जातात. तीं गेलीं कीं माझ्या देखाव्यांत क्षणभर माणसें दिसतात, आणि खालच्या वाडींतून सांजवेळीं चुलीचा धूर वर येतो; तोही पूर्वींपासूनच येत असला पाहिजे.